चारूताईचं चौथं प्रकरण

चारूताई उभ्याने वाचायची. पुस्तक मायक्रोवेव्हला टेकवलेलं, पान उलटू नये म्हणून त्यावर मिठाची बरणी. पेन्सिल केसांत खोचायची आणि मग घरभर पेन्सिल शोधायची. सुपरमार्केटच्या पावत्या टाकायची नाही. पुढून दूध, बटाटे, डायपर. मागून तिच्या बारीक अक्षरात ‘बापाची खुर्ची, पान ११२’ किंवा ‘ही बाई खोटं हसते का? परत बघणे’. कुकरच्या शिट्ट्या स्पॅनिशमध्ये मोजायची. फोनवर जर्मन माणसाशी बोलताना तोंडाने “या, या, गेनाऊ”, म्हणजे हो, हो, अगदी बरोबर, असं चालायचं आणि मान मात्र नाही-नाही अशी हलायची. नवऱ्याला पुष्कर म्हणायची. सासरे खोलीत आले की त्याच वाक्याच्या मध्यात त्याचं ‘अहो’ व्हायचं. आणि कुणी तिचं कौतुक केलं तर ते क्षणभरही स्वतःजवळ ठेवायची नाही. लगेच दुसऱ्याच्या हातात द्यायची. “भाजी छान झालीय” म्हटलं की “पुष्करने आणलीच होती ताजी.”

स्वरालीने हे बहुतेक सगळं पहिल्या महिन्यातच टिपलं. पुण्याहून साहित्यात एम.ए. करून ती पुढच्या शिक्षणासाठी ड्रेस्डेनला आली, तेव्हा खोली मिळेपर्यंत तेवीस दिवस चारूताईच्या योहानस्टाटमधल्या घरी सोफ्यावर झोपली. ओळख म्हणाल तर स्वरालीच्या मावशीची वर्गमैत्रीण ही चारूताईची आत्या. परदेशात एवढी ओळख पुरते. खोली मिळाल्यावरही स्वराली येत राहिली. चारूताईच्या प्रबंधाच्या तळटीपा तपासायचं काम तिने आपणहून घेतलं होतं.

चारुलता साताऱ्याची. पुण्यात शिकायला आली आणि सगळ्यांसारखी जर्मनच्या वर्गाला नाव घालायला गेली. वर्ग भरला होता. शेजारच्या खोलीत स्पॅनिशला जागा होत्या. पुढे पाच वर्षं तिने एका कंपनीत फोनवर मेक्सिकोतल्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकल्या. बायका फोन उचलायच्या, सगळं नीट सांगायच्या, आणि शेवटी म्हणायच्या, ‘पण हे घरी नाहीत. त्यांना विचारून सांगते.’ चारुलताला वाटायचं, आपल्या काकूच बोलतायत. मग ती त्या लोकांच्या कादंबऱ्या वाचायला लागली. लग्न होऊन पुष्करबरोबर ड्रेस्डेनला आली. तो चिपच्या कारखान्यात इंजिनिअर. तिने इथल्या विद्यापीठात पीएचडीला प्रवेश मिळवला, शिष्यवृत्ती मिळवली. विषय: लॅटिन अमेरिकेच्या कादंबरीतला पुरुष आणि त्याच्या घरातल्या बायका. मेक्सिको, कोलंबिया, पेरू, चिली. एकूण एक्केचाळीस कादंबऱ्या.

माचो म्हटलं की लोकांना मिशा दिसतात, पिस्तूल दिसतं, असं ती म्हणायची. तिच्या कादंबऱ्यांतले माचो बहुतेक वेळ घरातच नसतात. शेतावर, खाणीत, दुसऱ्या बाईकडे. तरी घर त्यांच्या येण्याच्या वेळेवर चालतं. पहिलं प्रकरण त्या बापावर. दुसरं आईवर, जी मेरीमातेसारखी सोसते आणि सोसण्याचाच मान मिरवते. तिसरं मुलग्यांवर, ज्यांना हीच आई वाढवते आणि बापासारखं घडवते.

चौथं प्रकरण सगळ्यांचं आवडतं. ते कौतुकावर होतं. एका कादंबरीत गावच्या जत्रेत एक बायको चारचौघांत मोठ्याने सांगते, ‘आमच्या ह्यांनी शब्द दिलाय, पोरीला शहरात शिकायला पाठवणार.’ नवऱ्याने असा काही शब्द दिलेला नसतो. पण गावासमोर नाही म्हणणं म्हणजे स्वतःच्या मर्दपणाला बट्टा. तो मिशीला पीळ देतो आणि पोरगी शहरात जाते. असे सात प्रसंग चारूताईने शोधले होते. तिचं म्हणणं, पुरुषाचा अहंकार हीच बाईच्या हातातली दोरी. वरवर पाहता ती त्याची स्तुती करते, खरं तर त्याला बांधून घालते. तिच्या मार्गदर्शक प्राध्यापिकेने, जर्मन लोक जिला डॉक्टरमुटर म्हणतात तिने, समासात लिहिलं होतं, ‘हे या प्रबंधाचं हृदय आहे.’

पाचवं प्रकरण राहिलं होतं. ते आजच्या पुरुषांवर. ड्रेस्डेनमध्ये राहणाऱ्या सहा लॅटिनो पुरुषांशी बोलून, कादंबरीतल्या बापापासून ते किती लांब आलेत ते बघायचं होतं. चार मुलाखती झाल्या आणि फेब्रुवारीत निधीचा जन्म झाला.

त्यानंतर सगळं एकाच तारखेवर येऊन ठेपलं. एकतीस डिसेंबर. शिष्यवृत्ती तेव्हा संपत होती, एकदा वाढवून झाली होती. डॉक्टरमुटर मार्चमध्ये निवृत्त होणार होती. निधीला पाळणाघरात, म्हणजे किटामध्ये, जागा मिळाली होती ती पुढच्या फेब्रुवारीपासून. प्रबंध पुरा व्हायचा तर डिसेंबरअखेरचे निदान दोन महिने कुणीतरी बाळाजवळ राहायला हवं होतं. जर्मनीत बापालाही एल्टर्नझाइट मिळते, बालसंगोपनाची रजा. पुष्करने नोव्हेंबर आणि डिसेंबर घ्यायचे ठरवले. मे महिन्यात, या स्वयंपाकघरात, स्वरालीसमोर.

“दोन महिने ना? घेतो की. बापच आहे मी तिचा.”

अर्ज सात आठवडे आधी कंपनीत द्यावा लागतो. म्हणजे बारा सप्टेंबरपर्यंत. चारूताईने फॉर्म छापला, नावं-तारखा भरल्या, सहीच्या जागी पेन्सिलने फुली केली आणि फ्रिजवर लावला.

पुष्कर कधी नाही म्हणायचा नाही. हे स्वरालीला तेव्हा गुण वाटलं होतं. हसरा माणूस. आवाज चढवत नसे. इथल्या मराठी मंडळात सगळ्यांचा लाडका. लोकांचं सामान हलवायला पहिला हजर. चारूताईने फॉर्मची आठवण केली की म्हणायचा, “हो गं. करतो.”

जूनच्या मध्यावर त्याचे वडील आले, तीन महिन्यांसाठी. पद्माकरकाका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, पत्नी दोन वर्षांपूर्वी गेलेली. स्वभावाने वाईट नव्हते. निधीला मांडीवर घेऊन तासभर श्लोक म्हणायचे. लंगोट ओला झाला की मात्र बाळ दोन्ही हातांनी लांब धरून हाक मारायचे, “चारू, तुझं सामान आलं!” फुलका तव्यावरून थेट ताटात यायला हवा, एवढी एकच त्यांची आवड. गार पोळी त्यांच्या घशाखाली उतरत नसे.

“तुझी सासू सदतीस वर्षं गरम वाढत होती,” ते सांगायचे. “एकदा ताप होता एकशे दोन. तरी उभी. मी म्हटलं, अगं राहू दे. ऐकली नाही.”

“तुम्ही चहा तरी केलात का मग, काका?” स्वरालीने एकदा विचारलं होतं.

“माझ्या हातचा चहा?” काका खूष होऊन हसले. “ती म्हणाली असती, त्यापेक्षा ताप बरा.”

पुष्कर हसला. चारूताईही हसली. ती फुलका चिमट्याने विस्तवावर धरून होती.

ऑगस्टच्या शेवटी गणपती आले. मंडळ दरवर्षी एका चर्चचा गेमाइंडेझाल, म्हणजे सभागृह, भाड्याने घेतं. लाकडी जमीन, भिंतीवर क्रूस, त्याच्या खाली थर्माकोलचं मखर. शनिवारी आरतीनंतर व्याख्यान असायचं. या वर्षी ते चारूताईचं होतं, ‘लॅटिन अमेरिकेतला पुरुष’. शंभरावर माणसं. पद्माकरकाका पहिल्या रांगेत, जाकीट घालून.

स्वरालीशेजारी एस्तेबान बसला होता. पुष्करच्या विभागातला मेक्सिकन इंजिनिअर, पुएब्लाचा. चारूताईच्या यादीतला पाचवा पुरुष. स्वतः मागच्या वर्षी मुलीसाठी दोन महिने रजेवर होता. मराठी कळत नव्हतं, पण आपल्याबद्दल काय बोलतात ते ऐकायचंच म्हणून आला होता. स्वराली त्याच्या कानात जर्मनमध्ये सांगत होती.

ओळख पुष्करने करून दिली. “मी वक्त्यांचा नवरा. म्हणजे मुख्य प्रायोजक. आजवर यांच्या माचो लोकांना मी घरात एक्केचाळीस वेळा सहन केलंय.”

लोक पोट धरून हसले.

चारूताई चांगलं बोलली. स्वरालीला तिचं एक वाक्य तसंच्या तसं आठवतं. “माचो ओरडत नाही. ज्याचं कुणी ऐकत नाही त्याला ओरडावं लागतं.” एस्तेबानने ते ऐकून मान डोलावली. “माझे आजोबा,” तो म्हणाला. “कुजबुजायचे. आम्ही पळायचो.”

प्रश्नोत्तरं सुरू झाली. मंडळाच्या विभावरीताई म्हणाल्या, “अगं, पण त्या बायका ऐकून का घेतात?” मागून कुणीतरी म्हणालं, “आपल्याकडे हे नाही हो. आपल्याकडे बायकोचंच राज्य!” पुन्हा हशा. पद्माकरकाकांनी मागे वळून दाद दिली.

स्वरालीला तो हशा आवडला नाही. काहीतरी हुशारीचं विचारावं म्हणून तिने हात वर केला. “आपले पुरुष खरंच वेगळे आहेत का, चारूताई?”

चारूताई पहिल्या रांगेकडे बघत म्हणाली, “सगळ्यांचं मला माहीत नाही. माझ्या घरचं सांगते. एक नोव्हेंबरपासून दोन महिने ह्यांनी बाळासाठी रजा घ्यायचं ठरवलंय. मी प्रबंध पुरा करावा म्हणून. स्वयंपाक, बाळ, सगळं हे बघणार. मी त्यांना सांगितलं नव्हतं की हे आज इथे बोलेन. पण बोलायला हवं.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. विभावरीताई उभ्या राहिल्या. पुष्करने उठून हात जोडले. पद्माकरकाकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. ते मुलाकडे बघत होते.

स्वरालीने एस्तेबानला सांगितलं. त्यानेही टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मग त्याचे हात थांबले.

“नोव्हेंबर?” तो म्हणाला. “चुकून म्हणाली असेल. नोव्हेंबरात आमच्याकडे नवीन मशिन्स बसवायची आहेत. त्या कामाचा प्रमुख पुष्करच आहे.”

“ठरलंय ते?”

“जूनमध्येच. त्याने स्वतः मागून घेतलं.”

स्वरालीने प्रसाद तसाच रुमालात बांधून घेतला. घरी जाऊन ती बराच वेळ बूट न काढता बसली. सांगावं की नाही? सांगितलं तर आपण एक घर मोडतोय असं तिला वाटत होतं. तिचं वय पंचवीस. घरं कशी मोडतात याची तिची कल्पना पुस्तकांतली होती.

रविवारी दुपारी ती गेली. काका आणि पुष्कर जेवायला बसले होते. चारूताई शेगडीपाशी. निधी झोपली होती.

“या, या,” काका म्हणाले. “तुमच्या प्रश्नामुळेच कळलं आम्हाला सगळं.” मग मुलाकडे वळून, भाजीत घास बुडवत, “काय रे, नोव्हेंबरात पदर घेणार म्हणे?”

पुष्करचे कान लाल झाले. तो हसला. “बाबा, ते व्यासपीठावर बोलायचं असतं. लोकांना बरं वाटतं.”

“मग ठीक. मला वाटलं, आता पाळण्याला झोकाही तूच देणार.”

दोघंही हसले. चारूताईने फुगलेला फुलका आणून काकांच्या ताटात ठेवला. दुसरा पुष्करच्या.

“अहो,” ती म्हणाली. “फॉर्म फ्रिजवर आहे.”

“हो गं. बघतो.”

जेवणं झाल्यावर ती कपडे वाळत घालायला बाल्कनीत गेली. स्वराली मागोमाग गेली. एस्तेबानने सांगितलेलं एका दमात सांगून टाकलं. चारूताईने निधीचं टोपडं झटकलं, चिमटा लावला.

“माहीत आहे.”

“कधीपासून?”

“जून. त्याच्या फोनवर आलेला मेसेज दिसला. मी काही उघडून बघितला नव्हता गं, समोरच होता.”

“मग काल तू...”

“म्हणून तर काल.”

स्वरालीला तेव्हा कळलं. जत्रा. गावासमोर दिलेला शब्द. त्या प्रकरणाच्या एकशे सहा तळटीपा तिने स्वतः तपासल्या होत्या आणि सभागृहात समोर बसून तिला काहीच ओळखू आलं नव्हतं.

“तुझ्याच प्रश्नाची वाट बघत होते,” चारूताई म्हणाली. “तू नसता विचारला तर मीच कुणाला तरी विचारायला लावला असता.” आणि कितीतरी दिवसांनी ती मोकळी हसली. “आता बघ. शंभर माणसांनी ऐकलंय. नाही कसा म्हणेल?”

तो नाही म्हणालाच नाही.

मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर पुष्करचं नाव गाजत होतं. कुणी फुलं, कुणी टाळ्या. एका बाईंनी स्वतःच्या नवऱ्याला टॅग करून लिहिलं, ‘शिका काहीतरी!’ पुष्कर सगळ्यांना हात जोडलेला इमोजी पाठवत होता. ट्राममध्ये भेटलेल्या लोकांनी त्याची पाठ थोपटली. रजेचा जो काही मान मिळायचा तो त्याला रजा न घेताच मिळून गेला. कादंबरीतल्या नवऱ्याला गावात राहायचं होतं, रोज त्याच माणसांना तोंड दाखवायचं होतं, आणि पोरगी शहरात गेली की नाही हे गावाला दिसणार होतं. इथे नोव्हेंबरात पुष्कर घरी आहे की कारखान्यात, हे बघायला कोण येणार होतं?

हे स्वरालीला नंतर सुचलं. तेव्हा ती फक्त दिवस मोजत होती.

दहा सप्टेंबरला काका परत गेले. स्वरालीला वाटलं, आता होईल. बापापुढे लाजला असेल, आता कुणाची लाज? बाराला, शुक्रवारी सकाळी, चारूताईचा मेसेज आला. ‘सही केली. घेऊन गेला.’ पुढे तीन उद्गारचिन्हं. स्वराली वाचनालयात होती. आनंदाने तिने समोरच्या अनोळखी मुलीला चॉकलेट दिलं.

संध्याकाळी ती पेढे घेऊन गेली, भारतीय दुकानातले, जरा वाळलेले. पुष्कर नुकताच आला होता. पाठीवरच्या पिशवीतून डबा काढला आणि डब्याखालून फॉर्म निघाला. कोपऱ्याला तेल लागलेलं.

“अरे देवा,” तो म्हणाला. “राहिलाच बघ. दिवसभर मीटिंग, मीटिंग.”

चारूताईने तेल लागलेला कोपरा फडक्याने टिपला.

“रागावलीस? चारू? असं नको ना करू. तू गप्प झालीस की मला काही सुचत नाही.” त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. “सोमवारी देतो. पण आता सात आठवडे भरत नाहीत ना. कायद्यातच बसत नाही, तर मी तरी काय करणार?”

हे त्याने अगदी मायेने विचारलं. स्वराली आजही म्हणते, तो खोटं बोलत होता असंही तिला सांगता येणार नाही. कदाचित खरंच विसरला असेल. जे विसरलं तरी चालतं, तेच माणूस विसरतो. तो मशिन्स बसवायच्या कामाची एकही बैठक विसरला नव्हता.

“पेढे कसले गं?” त्याने विचारलं आणि एक उचलला.

ऑक्टोबरभर चारूताईने एकटीने रेटून बघितलं. मंगळवार आणि गुरुवार स्वराली बाळ सांभाळायची. चारूताई शेजारच्या खोलीत दार लावून बसायची. बाळ रडलं की दार उघडायचं. स्वराली म्हणायची, “तू जा, मी बघते.” ती म्हणायची, “जाते.” आणि जायची नाही. नोव्हेंबरात पुष्कर बारा-बारा तास कारखान्यात राहू लागला. घरी आला की थकलेला, बिचारा. चारूताई त्याला गरम वाढायची. काका परत गेले होते, पण फुलके तव्यावरून ताटात जायचे थांबले नाहीत.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात स्वराली गेली तर टेबलावर चौथं प्रकरण छापून ठेवलेलं. पानापानावर लाल पेन्सिलीने उभ्या रेघा.

“हे काय केलंस?”

“खोटं आहे ते.”

“काय खोटं आहे? सात प्रसंग आहेत. पानं आहेत, संदर्भ आहेत.”

“प्रसंग खरे आहेत. मी त्याला हत्यार म्हटलं ना, ते खोटं.” ती निधीला भरवत होती, बोलताना चमचा थांबत नव्हता. “ह्या सातही बायकांना त्यांचं स्वतःचं काम सरळ मागता आलं नाही. पहिल्यांदा नवऱ्याला मोठं करावं लागलं. आणि मी त्याला ताकद म्हटलं. दोनशे पानं लिहून वर म्हटलं. प्रोफेसरबाईंनी हृदय म्हटलं.” ती हसली, पण ते हसणं बाल्कनीतल्यासारखं नव्हतं. “मी करून बघितलं, स्वराली. टाळ्या मिळाल्या. त्याला.”

“मग तेच लिही ना! चुकलं तेच लिही. हे सगळ्यात चांगलं प्रकरण होईल, चारूताई. खरंच.”

स्वरालीला स्वतःचं बोलणं पटलं होतं. डोळे भरून आले होते तिचे.

चारूताईने बाळाचं तोंड पुसलं.

“कधी लिहू?” तिने विचारलं.

घड्याळात साडेपाच झाले होते. कुकर लावायचा होता. स्वरालीने तांदूळ धुवायला घेतले.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात चारूताईने डॉक्टरमुटरला पत्र लिहिलं आणि विद्यापीठातून नाव काढून घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं. पुष्कर तर म्हणाला, “अगं, इतकी घाई कशाला?” स्वरालीला हे तिच्याकडून कळलंच नाही. मंडळाच्या ग्रुपवर कळलं. पुष्करला मशिन्सच्या कामाबद्दल बढती मिळाली होती, न्युरेम्बर्गला. निरोपसमारंभाच्या निमंत्रणात विभावरीताईंनी लिहिलं होतं, ‘चारूने कुटुंबासाठी आपलं शिक्षण बाजूला ठेवलं. अशा मुलींमुळेच संसार उभे राहतात.’ स्वरालीने ते चार वेळा वाचलं. चारूताईला फोन केला. ती म्हणाली, “हो, अगं, सांगणारच होते. थांब हं, दूध उतू जातंय.” आणि पुन्हा फोन केला नाही.

समारंभ त्याच सभागृहात झाला. मखर नव्हतं, भिंतीवर क्रूस तेवढा. पुष्कर बोलायला उभा राहिला.

“लोक मला विचारतात, चारूने प्रबंध का सोडला. मी तिला एकदाही अडवलं नाही हो. विचारा तिला. मी कायम म्हटलं, कर तू. पण शेवटी आईचं काळीज आहे. तिचा निर्णय. मी फक्त मान ठेवला.”

लोकांनी माना हलवल्या. चारूताई निधीला कडेवर घेऊन दाराजवळ उभी होती. कुणीतरी म्हटलं, “चारू, तू पण बोल की दोन शब्द.”

“ह्यांनी सगळं सांगितलंच,” ती म्हणाली. “आणि विभावरीताईंनी बटाटेवडे काय सुंदर केलेत.”

स्वराली काहीतरी बोलणार होती. वाक्य तयार होतं. विषय, पुरावा, सगळं. मागच्या वेळी तिने याच सभागृहात हात वर केला होता. ती चारूताईकडे बघत राहिली. चारूताईने हळूच मान हलवली, नाही-नाही अशी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. स्वरालीनेही वाजवल्या.

ते गेले. जायच्या आधी चारूताईने स्वरालीला प्रबंधाचं सगळं फोल्डर मेलने पाठवून दिलं. सोबत एकच ओळ. ‘तुझ्या काही उपयोगी पडलं तर.’

जानेवारीत सात नंबरच्या ट्राममध्ये एस्तेबान भेटला. अंगावर जाड कोट, कडेवर मुलगी. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तो संकोचत म्हणाला, “तुझी मैत्रीण माझ्याशी बोलणार होती. ऑक्टोबरमध्ये तिच्या बाळाला ताप आला, मग ‘कळवते’ म्हणाली. मी आईला पुएब्लाला फोन करून बऱ्याच गोष्टी विचारून ठेवल्यात. आजोबांच्याही. ती रडली, आधी कधी हे बोललीच नव्हती. तर न्युरेम्बर्गहून केव्हा येईल ती?”

स्वराली म्हणाली, विचारून सांगते. पुढच्या थांब्यावर उतरून गेली, तिचा थांबा नसताना.

घरी येऊन तिने फोल्डर उघडलं. पाचव्या प्रकरणात झालेल्या चार मुलाखतींच्या खाली आणखी एक फाइल होती. ‘मुलाखत क्र. ५. एस्तेबान, ३६, पुएब्ला. मंगळवार, १४ ऑक्टोबर, दुपारी चार, विद्यापीठाचं कॅफे.’ खाली बारा प्रश्न, स्पॅनिशमध्ये. पहिला असा होता: ‘मुलीजवळ तुम्ही घरी राहिलात, ते तुमच्या वडिलांना कुणी सांगितलं, आणि काय शब्दांत?’ प्रत्येक प्रश्नाखाली उत्तरासाठी सहा ओळी आखून ठेवल्या होत्या.